शेताचे हवामान-दप्तर आणि मुंबईकरांचे काम

२६ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि तेथून दक्षिणेस जेमतेम पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या कुलाब्याच्या वेधशाळेत त्याच मुदतीत अवघा ७३ मिलिमीटर. दोन्ही वेधशाळा एकाच खात्याच्या, दोन्ही एकाच शहरातल्या, आणि तरीही ‘मुंबईत त्या दिवशी किती पाऊस पडला’ या प्रश्नाला एका आकड्याने उत्तर देणे अशक्य होते. ज्यांचे बिऱ्हाड गिरगावात, दादरला, परळला किंवा लालबागेत आहे, परंतु ज्यांच्या नावाचा सातबारा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या तलाठी सजाच्या दप्तरात आहे, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. आणि हवामानाची व उपग्रहांची जी विपुल माहिती आज विनामूल्य उपलब्ध झाली आहे ती आपल्या शेताच्या उपयोगी कशी आणावी हे सांगण्यापूर्वी वरील दोन आकडे त्यांच्यापुढे मुद्दाम ठेवले आहेत, कारण जिल्ह्याचा आकडा, तालुक्याचा आकडा, किंबहुना शेजारच्या गावाचाही आकडा हाच आपल्या शेताचा आकडा असे गृहीत धरण्यात केवढा धोका आहे हे याहून स्पष्टपणे दाखविता येणार नाही.

गिरणगावाचा संसार मुळातच दोन घरांच्या आधारावर उभा राहिला. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार परळ-लालबागच्या चाळीत खोली घेई, गावी मनिऑर्डर पाठवी, आणि गावाकडची शेती आईबाप, भाऊ, भावजय यांच्या हाती राही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडत गेले तेव्हा पुष्कळांना त्या शेतीनेच आसरा दिला. आज त्या कामगारांची नातवंडे बँकांत, रुग्णालयांत, खासगी कचेऱ्यांत नोकरी करतात. सातबाऱ्यावरील सामाईक नावांत त्यांचीही नावे आहेत. जमीन मात्र गावी राहिलेला चुलता अथवा चुलतभाऊ कसतो. या कसणाऱ्याला पहाटेपासून शेताची, गुरांची, मजुरांची विवंचना असते. संगणकासमोर बसून तीस वर्षांच्या पावसाची कोष्टके चाळण्याची सवड त्याला नसते, आणि तशी अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे आहे. हे काम मुंबईत राहणाऱ्या भाऊबंदाने पत्करावे, शेताचे हवामान-दप्तर आपण राखावे, आणि गावच्या माणसाने जे पाहिले व मोजले ते त्या दप्तरात रुजू करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. यांपैकी एक अंग तुटले तर दुसरे लुळे पडते. आकाशातून घेतलेल्या चित्राला जमिनीवरची साक्ष नसेल तर ते चित्र तर्कापलीकडे जात नाही.

दप्तर कोणत्या निष्ठेने राखावे लागते याचा उत्तम पाठ आपल्या शहराच्या दक्षिण टोकालाच मिळतो. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती खगोलीय वेधांसाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळावी म्हणून. १८४१ पासून तेथे हवामानाची व भूचुंबकत्वाची निरीक्षणे होऊ लागली, म्हणजे भारताचे हवामानखाते १८७५ मध्ये स्थापन होण्याच्या ३४ वर्षे आधी. १८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरले, तेव्हा त्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय नोंदी दूषित होतील हे ओळखून चुंबकीय निरीक्षणे अलिबागेस हलविण्यात आली. परंतु ती हलविताना १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी निरीक्षणे समांतर चालू ठेवली गेली, हेतू हा की जुनी मालिका नव्या मालिकेशी बिनचूक जोडता यावी. शेतकरी कुटुंबाने यातून घ्यावयाचा धडा अगदी साधा आहे. पर्जन्यमापक अंगणातून मळ्यात हलवावयाचा असेल, किंवा एका संस्थेची आकडेवारी सोडून दुसरीची धरावयाची असेल, तर निदान एक पावसाळा दोन्ही नोंदी शेजारी शेजारी चालू द्याव्यात. एरवी पुढे दिसणारा फरक हवेतला की जागेतला, हे कोणालाच सांगता येत नाही.

कामाचा आरंभ कागदापासून करावा. सातबाऱ्याचा उतारा काढून त्यावरील गट क्रमांक व हिस्सा उतरून घ्यावा, आणि त्याखाली आपले महसूल मंडळ कोणते ते लिहावे. मंडळाचे नाव इतके महत्त्वाचे असण्याचे कारण असे की राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पाखाली २०१७ पासून जी स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, आणि ज्यांची संख्या आज दोन हजारांवर आहे, ती महसूल मंडळनिहाय आहेत. अतिवृष्टीची मदत आणि फळपिकाचा विमा यांचा निर्णयही मंडळाच्या आकड्यावरच होतो. आपल्या मंडळाचे केंद्र कोणत्या गावी आहे, ते आपल्या शेतापासून किती दूर व किती उंचीवर आहे, मध्ये एखादा डोंगर आडवा येतो काय, हे दप्तराच्या पहिल्याच पानावर असावे. यानंतर शासनाच्या भू-नकाशावरून गटाची आकृती घ्यावी. कोकणात कागदावरील हिस्सा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत तफावत असणे हा अपवाद नसून बहुधा नियम आहे, म्हणून शिमग्याला गावी जाल तेव्हा, भात कापून झालेले, बांध उघडे पडलेले आणि आकाश निरभ्र अशा त्या दिवसांत, कसणाऱ्या भावाबरोबर प्रत्येक खाचराच्या कोपऱ्यावर उभे राहून भ्रमणध्वनीवर अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत. ही टिपणे काही मीटरांनी चुकतात, दाट झाडाखाली अधिकच चुकतात. उपग्रहाच्या चित्रात आपले शेत शोधण्यापुरती ती पुरेशी आहेत, परंतु ती सरकारी मोजणी नव्हे, आणि बांधाच्या तंट्यात कोणी ती पुढे करू नयेत.

पर्जन्यमापकावर मी थोडा अधिक वेळ घालवणार आहे, कारण या सर्व खटाटोपात त्याइतकी स्वस्त आणि त्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नाही. हवामानखात्याच्या प्रमाणित साध्या मापकाचे तोंड १०० अथवा २०० चौरस सेंटिमीटरांचे असते आणि आत पाणी साठविण्याची बाटली असते. २०० चौरस सेंटिमीटरांच्या तोंडाला चार लिटरांची बाटली जोडली तर ती २०० मिलिमीटर पावसाने भरते, दहा लिटरांची जोडली तर ५०० मिलिमीटर मावतो. देशावरच्या गावाला लहान बाटली चालेल. कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र, जेथे एका दिवसात दोनशे मिलिमीटर ओलांडणारा पाऊस दुर्मीळ नाही, तेथे मोठीच घ्यावी, कारण ज्या दिवसाची नोंद सर्वांत अगत्याची नेमक्या त्याच दिवशी लहान भांडे ओसंडून जाते. मापक मोकळ्या जागी बसवावा. जवळच्या झाडाची वा घराची जी उंची असेल तिच्या निदान दुप्पट अंतर त्यापासून राखावे. तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटरांवर व काटेकोर समतल असावे. नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यावी, म्हणजे ती खात्याच्या नोंदीशी ताडून पाहता येते. कोरड्या दिवशी शून्य लिहावे, आणि पाहणे राहून गेले असेल त्या दिवशी तसे स्पष्ट लिहावे. रकाना कोरा ठेवला तर पाऊस पडला नाही की कोणी पाहिला नाही, हे वर्षानंतर कळण्याचा मार्ग उरत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, अर्थात एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर. हा हिशेब गावच्या माणसाला सांगितला की मिलिमीटर ही परकी गोष्ट राहत नाही.

त्याच वहीत तारखेच्या शेजारी नक्षत्राचाही रकाना ठेवावा, असा माझा आग्रह आहे. मृग, आर्द्रा, पुष्य, हस्त, स्वाती या नावांनीच गावातल्या जुन्या माणसांची पावसाची स्मृती बांधलेली आहे. अमुक वर्षी आश्लेषांत पावसाने दडी मारली आणि लावणी करपली, असे एखादी आजी सांगते तेव्हा ते विधान तारखेत बसवून जुन्या आकड्यांशी पडताळता येते, आणि पुष्कळदा ते आश्चर्य वाटावे इतके खरे ठरते.

जुन्या आकड्यांचा साठाही आता सर्वांना खुला आहे. हवामानखात्याच्या पुणे कार्यालयाने १९०१ पासूनचा दैनिक पाऊस सर्व देशासाठी पाव अंशाच्या चौकटींत मांडून ठेवला आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेच्या ‘पॉवर’ या संचातून १९८१ पासूनचे तापमान व पाऊस, आणि त्यानंतरच्या काही वर्षांपासूनचा सूर्यप्रकाश, कोणत्याही बिंदूसाठी मिळतात. तथापि पाव अंशाची चौकट म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटरांची बाजू, आणि सह्याद्रीच्या परिसरात एवढ्या अंतरात सृष्टीच पालटते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरांच्या आत असलेल्या वाईत तो हजारालाही पोहोचत नाही. या दोहोंना सामावणाऱ्या चौकटीचा आकडा दोन्ही ठिकाणी खोटाच पडणार. म्हणून चौकटीची तीस वर्षे उतरून घ्यावीत, परंतु आपल्या मापकाची दोन-तीन वर्षे झाल्यावर तीच वर्षे चौकटीशी लावून पाहावीत, आणि आपले गाव तिच्या वर राहते की खाली, व साधारण किती पटीने, हे ठरवून मगच जुन्या आकड्यांवर विसंबावे.

त्या तीस वर्षांकडून सरासरी मागू नये. सरासरी पाऊस कोणत्याच शेतावर पडत नाही. जून महिन्यात सलग पाऊस केव्हा धरला. लावणीनंतरच्या चाळीस दिवसांत सर्वांत मोठी उघडीप किती दिवसांची होती. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांवर पाऊस किती वेळा गेला. १० ऑक्टोबरनंतर किती पडला. डिसेंबर ते मार्च या मोहोराच्या व फळधारणेच्या काळात अवकाळी सरी किती वर्षी आल्या, एवढेच प्रश्न दर वर्षाला विचारावेत, उत्तरे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावावीत, आणि दहा वर्षांतून किती वर्षे अमुक संकट येते हे पाहावे. दहांतून एकदा येणारी आपत्ती सोसता येते. दहांतून चार वेळा येणारी आपत्ती ही शेतीच्या मांडणीतच धरावी लागते.

भाताचे उदाहरण घेऊ. कोकणात कर्जत-१८४ सारख्या हळव्या जाती सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी तयार होतात, जयासारख्या निमगरव्या जाती त्यानंतर, आणि रत्नागिरी-३ सारख्या गरव्या जाती आणखी उशिरा. वरकस जमिनीत व उताराच्या खाचरांत पाणी टिकत नाही म्हणून तेथे हळवे भात पेरण्याची रूढी आहे, आणि ती शहाणपणाची आहे. परंतु पाऊस लांबला म्हणजे पहिला घाव हळव्यावरच बसतो. २०१९ साली नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची वायव्य भारतातून माघार ९ ऑक्टोबरला, म्हणजे तोवरच्या नोंदींतील सर्वांत उशिरा, सुरू झाली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ घोंघावू लागले. पिकलेले भात आडवे पडले, कापलेले भिजले, लोंबीतच दाण्यांना कोंब फुटले. आपल्या तीस वर्षांच्या कोष्टकात ऑक्टोबरचा पाऊस वारंवार दिसत असेल तर सर्व क्षेत्र एकाच मुदतीच्या जातीखाली आणू नये. पाणी धरणाऱ्या खाचरांत गरवे, मधल्यांत निमगरवे आणि वरच्या उतारावर हळवे अशी वाटणी करावी, आणि हळव्याची कापणी पावसाचा अंदाज पाहून, दोन-तीन कोरडे दिवस धरून, एकाच दमात उरकण्याइतके मनुष्यबळ आधी योजून ठेवावे. मजुरांची ही तजवीज मुंबईहून रजा काढून जाणाऱ्यांनी मनावर घेतली तर तिचा उपयोग कोणत्याही यंत्राहून अधिक होईल.

अंदाजांविषयी थोडक्यात सांगतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने हवामानखाते दर मंगळवारी व शुक्रवारी कृषिसल्ला प्रसिद्ध करते, तो मराठीत असतो, आणि ‘मेघदूत’ या भ्रमणध्वनीवरील साधनातही मिळतो. दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ आहे, आणि ते उघड्या माळावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असणे अगत्याचे आहे. मोसमी पावसाच्या मुंबईतील आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात. ही तारीख पेरणीचा हुकूम नव्हे. चार आठवड्यांच्या अंदाजावरून तरवा टाकण्याचा बेत आखावा, पाच दिवसांच्या अंदाजावरून युरिया व फवारणी ठरवावी, आणि त्या दिवसाच्या इशाऱ्यावरून शेतात जावे की जाऊ नये हे ठरवावे. ज्या मुदतीचा अंदाज त्या मुदतीचाच निर्णय. दप्तरात ‘अंदाज’ व ‘प्रत्यक्ष’ असे दोन रकाने समोरासमोर ठेवले तर दोन वर्षांत आपल्या खोऱ्यापुरता अंदाज कोणत्या बाबतीत खरा ठरतो आणि कोणत्या बाबतीत ढिला पडतो हे घरच्या घरी कळते, व त्यावरचा विश्वास आंधळाही राहत नाही आणि चंचलही राहत नाही.

आता उपग्रहांकडे वळू. बातम्यांत दिसणारी ढगांची चित्रे इन्सॅट मालिकेच्या उपग्रहांची. ते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबर फिरत असल्याने सर्व देश एकदम व वारंवार पाहतात, परंतु आपले खाचर त्यांना दिसत नाही. शेत पाहण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ मालिकेची चित्रे सर्वांत उपयोगी: दर पाच दिवसांनी एक, दहा मीटरांच्या बारकाव्याने, आणि पूर्णतः विनामूल्य. दहा मीटर बाजूचा चौरस म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा. तेव्हा या चित्रातला एकेक ठिपका म्हणजे जवळजवळ एकेक गुंठा असे समजून चालावे. कोल्हापूरकडच्या दोन एकर उसाचे ऐंशी ठिपके होतात आणि त्यांत कोणता कोपरा मागे पडला ते स्वच्छ दिसते. कोकणातल्या तीन गुंठ्यांच्या वाकड्यातिकड्या खाचराला मात्र एकही निर्भेळ ठिपका मिळेलच असे नाही, बांध, शेजाऱ्याचे शेत आणि कडेची साग-ऐनाची झाडे त्यात मिसळतात. कोकणच्या वाचकांनी एकेका खाचराऐवजी सलग मळ्याचा विचार करावा, हे बरे.

हिरवे पान प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की वनस्पती-निर्देशांक, म्हणजे ज्याला सर्वत्र एन.डी.व्ही.आय. म्हणतात तो आकडा, मिळतो. उघड्या जमिनीला तो शून्याच्या किंचित वर आणि भरगच्च पिकाला एकाच्या जवळ येतो. युरोपच्या ‘कोपर्निकस ब्राउझर’वर किंवा इस्रोच्या ‘वेदास’ या स्थळावर आपले शेत शोधून हा निर्देशांक पाहता येतो, त्यासाठी कोणत्याही खासगी कंपनीला पैसे मोजण्याची आवश्यकता नाही. मात्र आकडा एकटा वाचू नये. या पंधरवड्याचा आकडा गेल्या चार वर्षांच्या याच पंधरवड्याशी आणि त्याच शिवारातल्या शेजारच्या शेतांशी ताडावा. सर्वांचाच उतरला असेल तर हवेचा दोष, आपलाच उतरला असेल तर आपल्या शेतात काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले आहे ते उपग्रह सांगत नाही. तुडतुडे की भुरी, पाण्याचा ताण की खताची उणीव, हे पानाखाली हात घालून पाहणाऱ्यालाच कळते. बारा एकरांपैकी पहिली फेरी कोणत्या कोपऱ्यात मारावी एवढे सांगणे ही उपग्रहाची सेवा, आणि वयस्क चुलत्याचे पाय वाचविणारी ही सेवा लहान नव्हे.

दोन मर्यादा अवश्य ध्यानात ठेवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणावर ढगांचे छत इतके अखंड असते की प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला पिकाचे दर्शन क्वचितच घडते. त्या काळात सेंटिनेल-१ चे रडारचित्र पाहावे, कारण त्या लहरी ढगांतून आरपार जातात. पाणी साठवलेले, नुकतेच लावणी झालेले खाचर त्यात काळे दिसते व भात वाढू लागले की उजळत जाते, त्यामुळे आपल्या गावात लावणी केव्हा पसरली याचा इतिहास त्यातून वर्षानुवर्षे वाचता येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो व नासा यांचा निसार उपग्रह दर बारा दिवसांनी तीच भूमी अधिक लांब लहरींनी पाहणार असून जमिनीतल्या ओलाव्याच्या अभ्यासाला त्याची मोठी मदत होईल. दुसरी मर्यादा बागांची. आंब्याची कलमे दहा दहा मीटरांवर लावण्याची शिफारस असते, म्हणजे एका ठिपक्याला एक झाड. परंतु पावसाळ्यात व नंतर काही आठवडे झाडाखालचे गवत इतके माजलेले असते की त्याचाच हिरवेपणा झाडाच्या नावावर जमा होतो. गवत वाळल्यावर, फेब्रुवारी ते मे या काळातला आकडाच खऱ्या अर्थाने झाडाचा आकडा. आणि माडाखाली पोफळी, पोफळीला मिरवेल, त्याखाली जायफळ अशी जी कोकणची बहुमजली बाग, तिच्यातला फक्त सर्वांत वरचा मजला आकाशातून दिसतो. तेथे उपग्रहावर विसंबूच नये.

हापूसच्या बागायतदारांना तापमानाचीही नोंद ठेवल्याविना गत्यंतर नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीवरचे पूर्वेकडील वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारे वारे दुपारी उशिरा सुरू होतात, तेव्हा मुंबईसकट सर्व किनाऱ्याचा पारा एकाएकी चढतो, आणि वाटाण्याएवढी ते गोटीएवढी झालेली फळे गळतात. ही उष्णता येणार हे चार-पाच दिवस आधी अंदाजात दिसते. विद्यापीठाचा सल्ला असा की फळ वाटाण्याएवढे झाल्यापासून पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा प्रत्येक झाडाला १५० ते २०० लिटर पाणी द्यावे आणि आळ्यात गवताचे आच्छादन घालावे. सड्यावरच्या बागेत पाणी चढविणे खर्चाचे असते. म्हणूनच कोणत्या आठवड्यात चढवावे हे ठरविण्याला अंदाजाचे मोल आहे. मुंबईतल्या भावाने शुक्रवारी सल्ला वाचून रात्री फोन करावा, इतकेच त्यासाठी पुरते.

उरला विमा आणि मदत यांचा विषय, आणि येथे दप्तराची खरी कसोटी लागते. आंबा-काजूसाठी जी हवामानाधारित फळपीक विमायोजना आहे तिच्यात नुकसान पाहायला कोणी येत नाही. अवेळी पाऊस, कमी वा जास्त तापमान, वेगाचा वारा यांच्या ठरविलेल्या मर्यादा मंडळाच्या हवामान केंद्राच्या नोंदीत ओलांडल्या गेल्या की भरपाई लागू होते, न ओलांडल्या तर होत नाही, मग बागेत काहीही घडलेले असो. या मर्यादा त्या त्या वर्षीच्या शासननिर्णयात दिलेल्या असतात. हप्ता भरण्यापूर्वी त्या आपल्या तीस वर्षांच्या कोष्टकावर लावून पाहाव्यात, म्हणजे किती वर्षी भरपाई मिळाली असती याचा अदमास येईल. मंडळाचे केंद्र झाडीने वेढलेले असेल किंवा त्याची आकडेवारी खंडित दिसत असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज हंगामापूर्वीच द्यावा. नुकसान झाल्यावर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. अतिवृष्टीच्या मदतीसाठी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि पिकाचे निदान ३३ टक्के नुकसान ही प्रमाणे आहेत, आणि पंचनाम्याच्या वेळी पीक कोणते होते हे ई-पीक पाहणीतून ठरते. ही पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः करावयाची असून तिचे छायाचित्र शेतात उभे राहूनच घ्यावे लागते. लालबागेत बसून ती होत नाही, आणि मुदत टळली तर सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहण्याची भीती असते. घरच्या मापकाची नोंद कायद्याने केंद्राच्या नोंदीची जागा घेत नाही, हे खरे. परंतु दररोज, अखंड, शून्यांसकट लिहिलेली वही अर्जासोबत जोडली की अधिकारी ती गांभीर्याने पाहतो, आणि पुढील वर्षी केंद्राची जागा तपासून घेण्याच्या मागणीला तिच्याने बळ येते.

एका कुटुंबापेक्षा एका गावाने हे काम करणे सर्वार्थाने श्रेयस्कर. परळ, लालबाग, काळाचौकी, गिरगाव या भागांत कोकणातल्या व घाटावरच्या शेकडो गावांची मुंबईस्थित मंडळे आहेत. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, विद्यार्थ्यांना वह्या अशी कामे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. त्यांनी आपल्या गावी तीन मापक बसवून द्यावेत: एक सड्यावर, एक मधल्या वाडीत, एक खाडीकाठच्या खाजणाजवळ. प्रत्येक ठिकाणी नोंद घेणारे दोन हात नेमावेत, एक आजारी पडला तर दुसरा असावा, आणि जेथे शक्य तेथे हे काम घरातल्या सुनेकडे किंवा प्राथमिक शाळेतल्या मुलांकडे, गुरुजींच्या देखरेखीखाली, आनंदाने सोपवावे. कसणाऱ्यावर हुकूम सोडण्यासाठी या आकड्यांचा उपयोग कोणी करू नये. फोनवर प्रथम त्याने काय पाहिले ते विचारावे, नंतर आपले कोष्टक सांगावे, आणि अखेरचा निर्णय ज्याचे हात मातीत आहेत त्याचा राहू द्यावा. वहीची नक्कल महिन्याअखेर छायाचित्राने मुंबईस यावी, मंडळाच्या चिटणिसाने ती उतरून ठेवावी, आणि वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर गावाच्या पावसाचाही तक्ता वाचला जावा. मापक मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जागेवर बसले पाहिजेत, कारण वळवाची पहिली सर मृगाची वाट पाहत नाही.